बाकावर बसलेल्यांचा हंगाम

फुटबॉल मॅनेजर या संगणकावरच्या खेळात नवा डाव सुरू केलेला माणूस पहिली संध्याकाळ कशात घालवतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तो डावपेचांचा फळा उघडतो, ४-२-३-१ ही रचना घ्यावी की ४-३-३ यावर स्वतःशीच वाद घालतो, बचावफळी किती पुढे आणावी याचा खल करतो आणि अकरा नावे अकरा जागी बसली की संघ उभा राहिला असे समजून झोपायला जातो. इतक्या वर्षांच्या खेळानंतर माझे मत असे झाले आहे की, हंगामाचा निकाल बाराव्यापासून बाविसाव्यापर्यंतच्या खेळाडूंच्या हातात असतो आणि फळ्यावरच्या बाणांना आपण जेवढा वेळ देतो त्याच्या निम्मा वेळ जरी या मंडळींना दिला, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक कोसळणाऱ्या संघांची रडगाणी पुष्कळ कमी होतील.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात चेंडूला आपण लाथ मारत नाही. आपण संघाचे व्यवस्थापक असतो. खरेदी-विक्री, करार, सराव, डावपेच, सामन्यापूर्वीचे भाषण आणि सामन्यातले बदल एवढेच आपल्या हातात असते, बाकीचे संगणक खेळतो. कॉलियर बंधूंनी १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने हा प्रकार सुरू केला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाल्यावर जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि कॉलियर बंधूंच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २००४ च्या अखेरीपासून ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने खेळ काढायला सुरुवात केली. सोलापुरात याविषयी बोलायला माणूस शोधावा लागतो. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा अशा तालमींचे संघ आणि त्यांच्यावर जीव टाकणारा प्रेक्षक आहे. आमच्याकडे पार्क मैदानाच्या आसपास विषय निघतो तो बहुतेक क्रिकेटचाच. त्यामुळे माझी चर्चा चालते ती जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाच्याशी, आणि तीही रात्री उशिरा, कारण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लॅपटॉप उघडला तर पंख्याच्या आवाजात आपले विचारही ऐकू येत नाहीत. याच जुन्या लॅपटॉपमुळे मी अजून २०२४ च्या आवृत्तीवर आहे. २०२५ ची आवृत्ती तर कंपनीने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रद्दच केली, आणि त्यानंतर आलेली नवी आवृत्ती माझ्या यंत्राला झेपेल असे वाटत नाही.

राखीव खेळाडूंचे महत्त्व समजून घ्यायचे असेल, तर इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतला, म्हणजे लीग वनमधला एखादा संघ घ्यावा. तिथे २४ संघ आहेत आणि प्रत्येकाला साखळीतच ४६ सामने खेळावे लागतात. त्यावर एफए कप, लीग कप आणि ईएफएल ट्रॉफी या आणखी तीन स्पर्धा. प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांची सवय असलेला व्यवस्थापक इथे आला की ऑक्टोबरपर्यंत खुशीत असतो, कारण त्याचे ठरलेले अकरा जण ताजे असतात आणि तक्त्यात संघ वर दिसत असतो. शनिवार-मंगळवार, शनिवार-मंगळवार असे रहाटगाडगे सुरू झाले की चित्र बदलते. पूर्वी टक्क्यांत दिसणारी खेळाडूची तंदुरुस्ती आता हृदयाच्या चिन्हाने दाखवली जाते, आणि ते हृदय हिरवे दिसले म्हणजे सारे ठीक आहे असे नसते. कित्येक आठवडे सलग खेळलेल्या माणसाच्या अंगात एक साचलेला थकवा उतरतो. तो एका दिवसाच्या विश्रांतीने जात नाही. सरावातून काही दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. ही सुट्टी द्यायची तर त्याच्या जागी उतरवायला कोणीतरी हवे, आणि इथेच ऑगस्टमध्ये केलेली काटकसर अंगाशी येते.

आता ‘कोणीतरी’ म्हणजे कोण? बहुतेक लोक जागेप्रमाणे मोजतात: दोन उजवे बचावपटू, दोन डावे, चार मधले, आणि असेच पुढे. माझ्या मते मोजणी भूमिकेप्रमाणे करावी. समजा आपला संघ मागून चेंडू खेळवत बाहेर काढतो आणि मधल्या फळीच्या तळाशी एक डीप-लाइंग प्लेमेकर, म्हणजे मागे राहून पास वाटणारा गडी, बसलेला आहे. त्याचा राखीव म्हणून आपण धडाडीचा बॉल-विनिंग मिडफिल्डर, म्हणजे चेंडू हिसकावून घेणारा गडी, ठेवला, कारण तोही त्याच जागेवर खेळतो. ज्या मंगळवारी प्लेमेकर बाहेर बसेल त्या मंगळवारी जागा भरलेली दिसेल, पण बचावपटूंना पास द्यायला माणूस सापडणार नाही, चेंडू लांब फेकला जाईल, पुढचा ठेंगणा चपळ स्ट्रायकर हवेतल्या प्रत्येक चेंडूला मुकेल आणि पराभवाचे खापर आपण डावपेचांवर फोडू. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेसाठी दुसरा माणूस पाहताना मी त्याला खेळात दिलेले एकूण दर्जाचे तारे पाहत नाही. त्या भूमिकेला लागणारे तीन-चार गुण पाहतो. पासिंग, फर्स्ट टच (आलेला चेंडू ताब्यात घेणे), डिसिजन्स (निर्णय) आणि कम्पोजर (दडपणाखालचा शांतपणा) यांत तो मुख्य खेळाडूपेक्षा प्रत्येकी दोन-तीन अंकांनी कमी असला तरी चालेल. २० पैकी १४ च्या जागी १२ आला, तर संघाची चाल थोडी मंदावते पण दिशा तीच राहते. वेगात १६ आणि पासिंगमध्ये ७ असलेला माणूस कागदावर कितीही मोठा वाटला, तरी त्याच्यासाठी सगळ्या संघाने वेगळे खेळावे लागते. असा माणूस निराळ्या कामासाठी ठेवता येतो, पण ते काम आधी ठरलेले असावे.

नव्या, म्हणजे २०२६ च्या आवृत्तीत चेंडू आपल्याकडे असतानाची रचना आणि नसतानाची रचना वेगवेगळी आखता येते, तेव्हा ही अडचण तिथे आणखी वाढत असणार, कारण राखीव खेळाडूला एकाच्या ऐवजी दोन कामे यावी लागतील.

दुसरी गोष्ट सामन्याच्या सवयीची. खेळात तंदुरुस्तीपेक्षा वेगळे असे एक मोजमाप आहे, मॅच शार्पनेस. महिनाभर बाकावर बसलेला माणूस ताजातवाना असतो, दुखापत नसते, मनही बरे असते. तरी त्याला मैदानात पाठवला की पहिली वीस मिनिटे तो चेंडूला उशिरा पोहोचतो. नुसत्या सरावाने हे पुरते भरून निघत नाही, त्याला प्रत्यक्ष सामन्याची मिनिटे लागतात. यावर सोपा उपाय खेळातच आहे. खेळाडूच्या नावावर जाऊन त्याला २१ वर्षांखालील संघाच्या पुढच्या सामन्यासाठी किंवा पूर्ण सराईत होईपर्यंत उपलब्ध करून ठेवता येते. मोठ्या खेळाडूला पोरांच्या संघात पाठवायचे म्हणजे त्याचा अपमान, असा समज काहींचा आहे. मला तसा अनुभव आलेला नाही. त्याशिवाय ईएफएल ट्रॉफीसारख्या स्पर्धा याच कामासाठी वापराव्यात. संपूर्ण दुय्यम संघ उतरवण्यावर तिथे नियमाचे बंधन आहे, तरीही चार-पाच राखीव माणसांना नव्वद मिनिटे मिळतात. ही स्पर्धा कटकट वाटून सामना सहायकावर सोपवून देणारे लोक पुढे जानेवारीत नवा खेळाडू विकत घ्यायला धावतात, तेव्हा मला गंमत वाटते.

पण राखीव खेळाडूंच्या बाबतीत खरी कसोटी लागते ती करार करताना. प्रत्येक खेळाडूच्या करारात त्याला किती खेळायला मिळेल याचा एक शब्द दिलेला असतो. सगळ्यात वर स्टार प्लेअर, मग इम्पॉर्टंट प्लेअर, रेग्युलर स्टार्टर, स्क्वॉड प्लेअर, इम्पॅक्ट सब (गरजेला बाकावरून उतरणारा), फ्रिंज प्लेअर, आणि तरुणांसाठी ब्रेकथ्रू प्रॉस्पेक्ट वगैरे निराळ्या पायऱ्या. गोलरक्षकांना तर फक्त कप स्पर्धांत खेळण्याचाही शब्द देता येतो. वाटाघाटीत एजंट एक पायरी वरचा शब्द मागतो आणि पगारात थोडी सूट देतो. पैसे वाचले या आनंदात आपण ‘रेग्युलर स्टार्टर’ला होकार देतो. तो शब्द खेळ विसरत नाही. नोव्हेंबरात तो माणूस दारात उभा राहतो, आपण समजूत काढतो, मुदत मागतो. ती मुदत टळली की त्याचे मित्र त्याच्या बाजूने बोलू लागतात, आणि तो संघातल्या वजनदार माणसांपैकी असेल तर चार दिवसांत ड्रेसिंग रूममध्ये गट पडलेला दिसतो. म्हणून माझा नियम साधा आहे: पैसा वाढवावा लागला तरी चालेल, पण मिनिटांचा शब्द एक पायरी कमीच द्यावा. ठरल्यापेक्षा जास्त खेळायला मिळालेला खेळाडू तक्रार घेऊन येत नाही.

करारातली आणखी दोन कलमे फार कमी लोक नीट वापरतात. एक म्हणजे मैदानात उतरल्याबद्दलची रक्कम, आणि दुसरे म्हणजे बाकावर बसून राहिल्याबद्दलची, अनयूज्ड सबस्टिट्यूट फी. माझे आजोबा आमच्या गावच्या गिरणीत बदली कामगार होते. पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी कामगार गैरहजर असला तर माग मिळायचा, नाही तर डबा तसाच घेऊन घरी यायचे. त्या दिवशी फाटकाशी उभे राहिल्याचा पैसा त्यांना कोणी देत नसे. राखीव खेळाडूचा करार करताना मला हे हटकून आठवते. मूळ पगार कमी, उतरल्यास चांगली रक्कम आणि न उतरल्यासही थोडी, अशी मांडणी केली तर वयाची तिशी ओलांडलेला अनुभवी खेळाडू आनंदाने सही करतो, पगाराचा आकडा मर्यादेत राहतो आणि तो जखमी होऊन तीन महिने घरी बसला तर त्या रकमा आपोआप वाचतात. लीग वनमध्ये, जिथे मंडळ प्रत्येक पौंडाचा हिशेब मागते, तिथे असे दोन-तीन करार म्हणजे एका चांगल्या स्ट्रायकरचा पगार.

या तिशीपुढच्या खेळाडूंविषयी माझा आणि भाच्याचा कायमचा वाद आहे. त्याचा हिशेब वयाचा. अठरा वर्षांची पोरे घ्यायची, दोन वर्षे वाढवायची, नफ्याने विकायची. माझ्या संघात एक चौतीस वर्षांचा मधल्या फळीचा खेळाडू होता, त्याच्याकडे पाहून तो म्हणाला, ‘‘मामा, ह्याला कशाला ठेवलाव? पळायला येईना त्याला. विकून टाका की.’’ त्याचे म्हणणे मैदानापुरते खरे होते. त्या माणसाचा वेग आणि दम दोन्ही उतरले होते. पण त्याच्या माहितीत व्यक्तिमत्त्वाच्या जागी ‘मॉडेल प्रोफेशनल’, म्हणजे आदर्श व्यावसायिक, असे लिहिले होते, आणि माझ्या लेखी त्याचे सगळे मोल तिथे होते. या खेळात काही गुण पडद्याआड असतात. व्यावसायिक वृत्ती, महत्त्वाकांक्षा, दडपण पेलण्याची ताकद, सातत्य, मोठ्या सामन्यातली कामगिरी, दुखापतीकडे असलेला कल, यांचे आकडे आपल्याला दिसत नाहीत. व्यक्तिमत्त्वाच्या वर्णनावरून आणि प्रशिक्षकांच्या अहवालातल्या एखाद्या वाक्यावरून अंदाज बांधावा लागतो. तरुण खेळाडूची क्षमता कितीही असली तरी ती प्रत्यक्षात उतरेल की नाही, हे मोठ्या प्रमाणात त्याच्या व्यावसायिक वृत्तीवर अवलंबून असते. ही वृत्ती वाढवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मेंटरिंगचा गट. किमान तीन जणांचा गट करायचा, त्यात संघात मान असलेला एक थोरला माणूस आणि दोन पोरे ठेवायची. महिन्यामहिन्याने पोरांच्या स्वभावाचे वर्णन बदलत जाते. थोरल्याचा मान जितका मोठा आणि क्लबमधली वर्षे जितकी जास्त, तितका त्याचा प्रभाव अधिक.

म्हणजे हा चौतीस वर्षांचा माणूस शनिवारी बाकावर बसत होता आणि सोमवार ते शुक्रवार माझी दोन पोरे घडवत होता. भाचा म्हणाला, ‘‘मग प्रशिक्षकच करा की त्याला.’’ सल्ला वाईट नव्हता, पण प्रशिक्षक झालेला माणूस मेंटरिंगच्या गटात बसत नाही. त्यासाठी तो खेळाडू म्हणूनच नोंदलेला असावा लागतो. मात्र इथे एक सावधगिरी हवी. अशा गटात स्वभावाने ढिला माणूस मान मोठा आहे म्हणून घातला, तर परिणाम उलट्या दिशेने होतो आणि चांगल्या पोराचा स्वभाव बिघडतो. क्लबमध्ये दहा वर्षे काढलेला प्रत्येक जण शिकवण्याच्या लायकीचा असतोच असे नाही.

प्रत्यक्ष सामन्यात बाकाचा उपयोग कसा करावा, यावर बोलताना पाच बदलांच्या नियमाकडे लक्ष द्यायला हवे. साथीच्या काळात, मे २०२० मध्ये, तीनऐवजी पाच बदलांची तात्पुरती मुभा मिळाली आणि २०२२ मध्ये ती कायम झाली. खेळानेही ती घेतली. पण या पाच बदलांसाठी खेळ थांबवण्याच्या संधी तीनच मिळतात, मध्यंतर वेगळे. अनेक जण दुखापतीसाठी एक, पिवळे कार्ड मिळालेल्यासाठी एक आणि गोल खाल्ल्यावर रागाच्या भरात एक, अशा तिन्ही संधी पासष्टाव्या मिनिटापर्यंत उडवतात आणि उरलेले दोन बदल हातात असून वापरता येत नाहीत. मी मध्यंतराचा उपयोग जास्त करतो, कारण ती संधी मोजली जात नाही. पिवळे कार्ड मिळालेला बचावपटू असेल तर तो तिथेच काढतो. मग साठ-पासष्ट मिनिटांच्या सुमारास एकदम दोघे. वरपर्यंत दाब टाकून खेळणाऱ्या संघात विंगर आणि मधल्या फळीतले पळणारे गडी याच वेळी दमू लागतात, आणि दाब टाकणाऱ्या फळीत एक माणूस जरी उशिरा पोहोचू लागला तरी प्रतिस्पर्ध्याला तिथून वाट मिळते. शेवटची संधी ऐंशी मिनिटांपर्यंत राखून ठेवतो.

बाक किती दूर नेऊ शकतो याचे उदाहरण खऱ्या फुटबॉलमध्येच आहे. १९९९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला मँचेस्टर युनायटेडचे कीन आणि स्कोल्स दोघेही निलंबनामुळे खेळू शकत नव्हते. मधली फळी मोडून नव्याने मांडावी लागली, बेकहॅमला मध्यभागी आणावे लागले. बायर्न म्युनिकने लवकर गोल केला आणि ती आघाडी नव्वदाव्या मिनिटापर्यंत टिकवली. त्यानंतर वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईत बाकावरून आलेल्या शेरिंगहॅम आणि सोल्स्कियार यांनी दोन गोल करून सामना २-१ असा फिरवला. लोक याला नशीब म्हणतात. पण चारच दिवसांपूर्वी एफए कपच्या अंतिम सामन्यात हाच शेरिंगहॅम जखमी कीनच्या जागी सुरुवातीलाच उतरला होता आणि त्याने गोल केला होता. म्हणजे युनायटेडचे व्यवस्थापक फर्ग्युसन यांच्या बाकावरचा माणूस सामन्याला सरावलेला होता. मॅच शार्पनेस म्हणतात ते हेच.

भारतीय लीगमध्ये खेळणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा आहे. खेळात इंडियन सुपर लीग निवडता येते, आणि मुंबई सिटी घेऊन खेळणारे मराठी लोक मला अधूनमधून भेटतात. (पुण्याचा क्लब २०१९ मध्येच बंद पडला, त्यामुळे सोलापूरकराला महाराष्ट्रातला संघ आता मुंबईचाच.) तिथे सहा परदेशी खेळाडू नोंदवता येतात, पण मैदानात एका वेळी चारच. दोन परदेशी खेळाडू म्हणजे बहुधा संघातल्या सर्वांत महागड्या माणसांपैकी दोघे कायम बाहेर बसणार. अशा वेळी चार स्ट्रायकर आणि दोन विंगर असे सहा जण घेण्यापेक्षा एकमेकांच्या जागी येऊ शकतील अशा जोड्या घ्याव्यात, आणि त्या दोघांना करारातच कमी मिनिटांचा शब्द द्यावा. भारतीय खेळाडूंपैकी ज्या जागेला चांगला माणूस मिळणे कठीण, ती जागा परदेशी जोडीने भरावी. मला तरी बहुतेक वेळा मधला बचावपटू आणि स्ट्रायकर याच जागांवर टंचाई जाणवली आहे.

हंगाम संपताना, मे महिन्यात, मी राखीव खेळाडूंची एक यादी काढतो. त्यात गोल आणि सामने यांचे आकडे नसतात. कोणाला शब्दापेक्षा कमी मिनिटे मिळाली, कोणाच्या जागेवर आता पोर तयार झाला आहे, कोणाच्या सांगण्यावर गट हलतो आणि कोणाचा करार एका वर्षावर आला आहे, एवढेच लिहितो. कमी मिनिटे मिळालेला आणि गटात वजन असलेला माणूस असेल, तर त्याला तक्रार करायची वेळ येण्याआधी उन्हाळ्यातच जाऊ द्यावे, भले किंमत थोडी कमी आली तरी. ऑक्टोबरात त्याची नाराजी त्याहून महाग पडते. भाचा या यादीत खरेदीची किंमत आणि आजची किंमत अशा दोन रकान्यांची भर घालतो आणि मला कंजूस म्हणण्याऐवजी उधळ्या म्हणतो. त्या चौतीस वर्षांच्या खेळाडूच्या नावापुढे यंदा त्याने लाल खूण केली आहे. मी मात्र त्याला आणखी एका वर्षाचा करार देणार आहे: शब्द ‘इम्पॅक्ट सब’चा, मूळ पगार कमी, आणि बाकावर बसल्याची रक्कम गेल्या वर्षीपेक्षा थोडी जास्त.